मुंबईत 'लिव्हिंग विल' वॉर्डापर्यंत कसं आलं

आमच्या काकांना आयसीयूत ठेवलेलं तेव्हा रात्री दीडला डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, नळी घालायची का ते पाच मिनिटांत सांगा. काकू, दोन्ही मुलगे आणि मी, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो, कारण काकांना काय हवंय हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. कॅन्सर हा शब्दसुद्धा त्यांच्यासमोर काढायचा नाही असं ठरलेलं. (त्यांना माहीत होतं, हे नंतर कळलं.) तेव्हापासून मी हा विषय खणतोय, म्हणजे शेवटी कुठले उपचार नकोत हे आपणच आधी लिहून ठेवायचं, ते 'लिव्हिंग विल', आणि यातलं बरंचसं आपल्या मुंबईतच घडलंय.

ऑपरेशन झालं, किमो झाली, आता घरी न्या असं सांगितलेल्या पेशंटचं पुढे काय होतं? टाटा हॉस्पिटलचे सर्जन डॉ. लुईस डिसूझा यांनी त्यावर १९८६ साली बांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती आवेदना सदन काढलं, देशातलं पहिलं हॉस्पिस. दुखणं थांबवायचं, जखमा साफ करायच्या, माणसाला एकटं पडू द्यायचं नाही.

पण आदल्याच वर्षी, १९८५ ला, अमली पदार्थांवरचा एनडीपीएस कायदा आलेला. चाप लावायचा होता ड्रग्जच्या धंद्याला, आणि अडकलं मॉर्फिन, कॅन्सरच्या कळा थांबवणारं, अफूपासून होणारं औषध. इतकी लायसन्सं, इतके कागद, की कितीतरी हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. म्हणजे औषधाची अफू आपल्याच मध्यप्रदेश-राजस्थानात परवान्याने पिकणार आणि इथला पेशंट रात्रभर कळवळणार! २०१४ ला कायदा बदलला तेव्हा जरा वाट मोकळी झाली. त्याआधी २०१२ ला टाटामधे पॅलिएटिव्ह मेडिसिनचं, म्हणजे अशा पेशंटचं दुखणं हलकं करण्याच्या शास्त्राचं, एमडी सुरू झालं होतं.

उपचार थांबवण्याच्या कायद्याची गोष्ट मात्र परळची. केईएमची नर्स अरुणा शानबाग, नोव्हेंबर १९७३ मधे हॉस्पिटलातच तिच्यावर हल्ला झाला, मेंदूला इजा होऊन ती पुन्हा भानावर आलीच नाही, आणि त्यानंतर मे २०१५ मधे जाईपर्यंत ती तिथेच होती, तिथल्या नर्सेसच तिला भरवायच्या, आंघोळ घालायच्या. तिला असं भरवत जगवणं थांबवा, म्हणून पत्रकार पिंकी विराणी सुप्रीम कोर्टात गेल्या. २०११ ला कोर्टाने अरुणाच्या बाबतीत नाही म्हटलं, पण उपचार थांबवायला काही अटींवर, हायकोर्टाच्या परवानगीने, दार किलकिलं केलं. तिला सोडायला तयार नसलेल्या नर्सेसचं ऐकूनच ते 'नाही' आलं, हे मला त्या अख्ख्या केसमधलं सगळ्यात मोठं वाटतं.

मग ९ मार्च २०१८. आपण शुद्धीत असताना लिहून ठेवायचं की पुढे कुठले उपचार नकोत, त्या 'लिव्हिंग विल'ला सुप्रीम कोर्टाने मान्यता दिली. फक्त सही मॅजिस्ट्रेटसमोर करायची! कोण जाणार होतं? जानेवारी २०२३ मधे ते सोपं केलं: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. कागदाची एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या कस्टोडियनकडे, म्हणजे ती सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे द्यायची, पण असा माणूसच कुठे नेमलेला नव्हता. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार त्यासाठी हायकोर्टात गेले आणि महापालिकेने २४ वॉर्डांत कस्टोडियन नेमले.

काकू आता स्वतःचं लिहितेय. व्हेंटिलेटर नको, दुखण्यावरचं औषध हवं, इथपर्यंत भराभर झालं. अडलंय ते निर्णय कोणी घ्यायचा तिथे, थोरल्याचं नाव घालायचं की धाकट्याचं. मी म्हटलं, दोन्ही चालतात की. तर म्हणाली, "हो, म्हणजे त्या रात्री दोघं भांडत बसायला मोकळे."