मॉन्टेसरी शाळेत मोठ्या मुलांचा प्रवेश

मॉन्टेसरी शाळा मूल अडीच-तीन वर्षांचं असतानाच घेतात, त्यामुळे पाच, सात किंवा नऊ वर्षांचं मूल दुसऱ्या शाळेतून तिथे घालायचं म्हटलं की अटी वेगळ्या लागतात. आपल्याकडे कुठल्याही बालवाडीला सर्रास मॉन्टेसरी म्हणतात, पण इथे इटालियन डॉक्टर मारिया मॉन्टेसरींच्या पद्धतीने खरोखर चालणाऱ्या शाळांबद्दलच सांगतोय.

मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये रोमला लहान मुलांची पहिली शाळा काढली. ३ ते ६ वयाची मुलं एकाच वर्गात, मग ६ ते १२ चा टप्पा, तोही बहुतेक ठिकाणी ६ ते ९ आणि ९ ते १२ असा. पहिल्या वर्षी मूल मोठ्यांचं बघतं आणि तिसऱ्या वर्षी तेच लहानांना दाखवतं. म्हणूनच आधी मॉन्टेसरीत नसलेलं मूल साडेचार-पाच वर्षांनंतर बऱ्याच शाळा घेत नाहीत, आणि दुसऱ्या मॉन्टेसरीतून आलेल्याला मात्र सहसा अडवत नाहीत.

यामागचं कारण गणित शिकवायच्या सोनेरी मण्यांत दिसतं. सुटा मणी म्हणजे एक, दहाची काडी, शंभराचा चौरस, हजाराचा घन. चार-पाच वर्षांच्या मुलाने तो घन दोन्ही हातांनी उचलून कामासाठी अंथरलेल्या आपल्या चटईपर्यंत आणलेला असतो, दहा सुटे मणी देऊन एक काडी बदलून घेतलेली असते, म्हणजे हातचा त्याच्या खरंच हातात आलेला असतो. साध्या शाळेतलं सात वर्षांचं मूल 'हातचा एक' वहीत बरोबर लिहितं, पण तो एक आला कुठून ते त्याला कोणी दाखवलेलं नसतं. यात मुलाचा काहीच दोष नाही, आणि अशा मुलाला कच्चं म्हणणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

प्रवेशाच्या वेळी जुन्या शाळेचे रिपोर्ट बघतात, आईवडिलांशी बोलतात, त्यांना वर्गात शांत बसून बघायला सांगतात, कारण मार्क नाहीत, नंबर नाहीत, होमवर्क जवळजवळ नाही हे घरच्यांना झेपलं पाहिजे. मूल एक-दोन दिवस वर्गात येऊन बसतं. ताई त्याचं वाचन-लेखन बघतातच, पण जास्त लक्ष असतं ते मूल स्वतःहून काम निवडतं का, साहित्य जागेवर ठेवतं का, दुसऱ्याच्या चटईवर पाय न देता जातं का, याकडे.

भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेत घेताना मुलाची किंवा पालकांची चाचणी घेऊन निवड करायला बंदी आहे. त्यामुळे हे निरीक्षण मुलाला कुठून सुरुवात करून द्यायची हे ठरवण्यापुरतंच असावं, गाळण्यासाठी नाही.

प्रवेश मिळाल्यावरही नवीन मूल सुरुवातीला दर पाच मिनिटांनी 'ताई, आता काय करू?' विचारत येतं, कारण आत्तापर्यंत ते सांगणारं कोणीतरी होतं. तेव्हा त्याला चटई गुंडाळण्यापासून दाखवतात, मग मणी देतात, आणि शेजारीच त्याच्याच वयाची मुलंही साहित्य मांडून बसलेली असल्यामुळे त्याला त्यात कमीपणा वाटत नाही.