कंपवाताचा उंदीर आणि त्याच्या लेंड्या

इंग्रज डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली कंपवातावर, म्हणजे पुढे त्यांच्याच नावाने ओळखल्या गेलेल्या पार्किन्सनच्या आजारावर, निबंध लिहिला, तेव्हा थरथरणाऱ्या हातांबरोबर रुग्णांच्या बद्धकोष्ठतेचीही नोंद केली. पुढे दीडशे-पावणेदोनशे वर्षं सगळ्यांचं लक्ष राहिलं ते हातांकडेच. मग २००१ मध्ये होनोलुलूतल्या ६,७९० पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. रोज शौचाला न होणाऱ्यांमध्ये पुढे पार्किन्सन होण्याचं प्रमाण, रोज होणाऱ्यांच्या अडीच पटींहून जास्त निघालं. आतडं आधी बिघडतं की काय, हे माणसात तपासायचं तर वर्षानुवर्षं थांबावं लागतं. उंदराचं आयुष्यच दोन-अडीच वर्षांचं.

उंदराची पचनगती मोजायची रीत अगदी साधी आहे. आतड्यात शोषला न जाणारा कारमाइन हा लाल रंग नळीने थेट जठरात सोडायचा आणि पहिली लाल लेंडी पडेपर्यंत घड्याळ लावून बसायचं. मोठ्या आतड्यापुरतं बघायचं तर गुदद्वारातून काचेचा बारीक मणी आत सरकवतात आणि तो बाहेर पडायला किती वेळ लागतो ते पाहतात. ऐकायला सोपं, पण उंदीर स्वतःच्या लेंड्या खातो आणि नव्या पिंजऱ्यात घाबरला की भराभर लेंड्या टाकतो. त्याला आधी पिंजऱ्याची सवय करून दिली नाही, तर आपण आतडं नाही, भीती मोजत असतो.

शिवाय उंदीर कोणता, यावरही उत्तर बदलतं. एमपीटीपी हे विष मेंदूतल्या डोपामिन (हालचालींसाठी लागणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी मारतं; पार्किन्सनमध्येही याच पेशी मरतात, म्हणून ते या संशोधनात वर्षानुवर्षं वापरलं गेलं. पण अशा उंदरांच्या एका अभ्यासात मोठ्या आतड्याची हालचाल काही काळ चक्क वाढलेली दिसली! बद्धकोष्ठतेच्या अभ्यासाला हा उंदीर काय कामाचा? २०१० मध्ये वर्णन केलेले उंदीर मला जास्त बोलके वाटतात. त्यांच्यात माणसातलं, अल्फा-सिन्यूक्लिन हे प्रथिन बनवणारं सदोष जनुक घातलं होतं; पार्किन्सनमध्ये चेतापेशींत याच प्रथिनाच्या गुठळ्या होतात. तीन महिन्यांच्या वयातच त्यांची आतडी मंदावली आणि आतड्याच्या चेतापेशींत त्या प्रथिनाच्या गुठळ्या दिसल्या. मेंदूतलं डोपामिन मात्र शाबूत होतं.

२०१९ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी याच प्रथिनाचे तंतू उंदरांच्या जठराच्या टोकाशी आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला, स्नायूंच्या थरात टोचले. काही महिन्यांत विकृती मेंदूपर्यंत पोचली. आतडं आणि मेंदू जोडणारी व्हेगस चेता आधीच कापलेली असेल, तर ती पोचली नाही. अर्थात इथे प्रथिन बाहेरून घातलेलं होतं. माणसाच्या आतड्यात ते मुळात का बिघडतं, हे त्यातून कळत नाही. शिवाय काही रुग्णांत आजार मेंदूतून खाली उतरत असावा, असंही मानलं जातं.

उपचारांशी या सगळ्याचा थेट संबंध आहे. लेव्होडोपा ही मुख्य गोळी लहान आतड्यात शोषली जाते. जठर सुस्त असेल तर ती तिथेच पडून राहते आणि रुग्ण हालचाल मोकळी होण्याची वाट पाहत बसतो. म्हणून आतड्याला गती देणारं नवं औषध आलं, की ते कुठल्या उंदरावर तपासलं हे आधी विचारावं.