पार्श्वभूमी : ख्रिस्ती सेवा आणि पुण्यातील 1893चा वाद

शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करण्याची आज्ञा मुळात बायबलच्या जुन्या करारातील लेवीय या पुस्तकातली, म्हणजे येशूच्या कितीतरी शतके आधीची. शुभवर्तमानात शेजारी कोण असा प्रश्न विचारला जातो आणि वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या शमरोन्याच्या कथेतून त्याचे उत्तर मिळते. ती कथा येथे पुन्हा सांगण्याचे कारण नाही. मात्र मदत करणारा तेथे परक्या समाजाचा आहे, आणि बरे झाल्यावर जखमी माणसाने कोणाच्या उपासनेला जावे याविषयी कथेत एक शब्दही नाही. पुण्यात पुढे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरून जो वाद पेटला, तो कथेने मोकळ्या सोडलेल्या या जागेवरूनच.

पुण्यातील ख्रिस्ती वस्ती पेशवाईइतकी जुनी आहे. 1792 मध्ये सवाई माधवरावांच्या काळात फौजेतील पोर्तुगीज व गोमंतकीय शिपायांच्या देवळासाठी जागा देण्यात आली. इंग्रजी अंमलात लष्कर भागात आणखी देवळे उभी राहिली आणि 1880 च्या दशकात पंचहौदाजवळ मिशनचे केंद्र वसले. 1890 मध्ये तेथे शहरातील नामवंतांनी चहा घेतला, आणि त्यावरून उठलेले ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचे प्रकरण, प्रायश्चित्तापर्यंत गेले. चहाने धर्म बुडतो असे मानणाऱ्या या शहरात त्याच वर्षी मुंबईहून शारदा सदन हे विधवासदन हलवण्यात आले.

हे सदन 11 मार्च 1889 रोजी चौपाटीला सुरू झाले होते. ते चालवणारी विदुषी, पंडिता रमाबाई, ब्राह्मण घराण्यातली असून 1883 मध्ये इंग्लंडमध्ये तिने बाप्तिस्मा घेतला होता. खर्च अमेरिकेतील देणगीदारांचा होता. सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही आणि मुलींना आपापला आचार पाळता येईल, असे आश्वासन देण्यात आले होते, आणि त्यावर विसंबूनच पुण्या-मुंबईतील सुधारकांनी सल्लागार मंडळात बसण्याचे मान्य केले होते. विदुषी रोज सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत असे. खोलीचे दार उघडे असे, काही मुली आपण होऊन आत येऊन बसत, आणि ती त्यांना उठवून लावीत नसे. एवढ्यावरून वर्तमानपत्रांत काहूर माजले, पालकांनी अनेक मुली काढून नेल्या, आणि 1893 मध्ये सल्लागारांनी सदनाशी असलेला संबंध जाहीरपणे तोडला.

हा निर्णय आजही दोन्ही बाजूंनी चुकीचा वाचला जातो. सल्लागारांचा आक्षेप फोल नव्हता. वीस वर्षांच्या आतल्या, माहेर आणि सासर दोन्हीकडून टाकलेल्या मुलीला जिने आसरा, अन्न आणि अक्षरे दिली, तिच्या प्रार्थनेत जाऊन बसणे संपूर्ण स्वेच्छेचे होते असे म्हणणे कठीण आहे. उपकाराचे वजन दाराबाहेर ठेवता येत नाही. दुसरीकडे, विदुषीचे उत्तरही सरळ होते. आपण कोणावर सक्ती केलेली नाही, पण आपली श्रद्धा लपवण्यासाठी दार लावून घेण्याचे वचनही दिलेले नाही, अशी तिची भूमिका होती. इंग्लंडमध्ये असताना धर्मगुरूंचे एक जोखड टाकून दुसरे मानेवर घेणार नाही, असे तिने तेथील वरिष्ठांना ठणकावले होते. स्वतःसाठी मागितलेले विवेकाचे स्वातंत्र्य ती मुलींनाही देऊ पाहत होती, असे तिची बाजू घेणारे म्हणत आणि त्यात तथ्य आहे. आणखी एक गोष्ट या चर्चेत दबून जाते : राजीनामे देणाऱ्यांपैकी कोणी काढून नेलेल्या मुलींच्या पुढच्या आयुष्याची जबाबदारी घेतल्याचे दिसत नाही. सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीशी मात्र 1893 मध्येच पुण्यातील एका प्राध्यापकाने, धोंडो केशव कर्वे यांनी, विवाह केला. त्यांनीच 1896 मध्ये हिंदू व्यवस्थापनाखाली विधवाश्रम काढला, जो पुढे हिंगण्याला गेला. वादाचे हे फलित दोन्ही पक्षांच्या अपेक्षेपेक्षा मोठे ठरले.

1896-97 च्या दुष्काळात विदुषीने मध्य प्रांतातून उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली आणल्या, आणि प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात त्यांना ठेवता येईना म्हणून केडगावच्या शेतावर नेले. प्लेगच्या इस्पितळात एका मुलीच्या झालेल्या हालांविषयी तिने सरकारला वर्तमानपत्रातून जाब विचारला. राज्यकर्त्यांचा धर्म आपलाच आहे म्हणून ती गप्प बसली नाही. केडगावात मात्र तटस्थतेचा करार उरला नाही. संस्था उघडपणे ख्रिस्ती होती.

स्वातंत्र्यानंतर तोच प्रश्न कायद्याच्या भाषेत आला. घटनेच्या 25 व्या अनुच्छेदाने धर्मप्रसाराचा हक्क दिला. 1956 मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारच्या चौकशी समितीने मिशनांच्या शाळा-दवाखान्यांच्या हेतूवर बोट ठेवले. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निकाल दिला. कॅथॉलिक परंपरेत दरम्यान 1965 मध्ये रोमच्या धर्मपरिषदेने धार्मिक बाबतीत कोणावरही सक्ती होऊ नये, हे तत्त्व स्वीकारले होते. त्याच्या दहा वर्षे आधी श्रीलंकेतील कँडीहून पुण्यात आलेल्या, कॅथॉलिक धर्मगुरू घडवणाऱ्या गुरुविद्यालयातील धर्मशिक्षणाला या भूमिकेची दखल घेणे भागच होते.

परक्यांशी कसे वागावे यावर एवढी शाई खर्च होत असताना ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आपसात कसे वागावे, हा प्रश्न मागे राहिला. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या; पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. ख्रिस्ती धर्मात जात नाही, हा युक्तिवाद त्यांच्याविरुद्ध वापरला गेला. 2016 मध्ये कॅथॉलिक बिशपांच्या अखिल भारतीय परिषदेने चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जाते, हे आपल्या धोरणपत्रात लेखी मान्य केले, आणि 2022 मध्ये धर्मांतरित दलितांच्या दर्जाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने आयोग नेमला.