विसातला एकच पिक्सेल खरा

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात संध्याकाळी नेट रडतखडत चालतं. नेमकं तेव्हाच काकाजींना गुलाबी बोंडअळीचा व्हिडिओ पाहायचा होता. 2017 च्या हंगामात या अळीने विदर्भातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पोखरून टाकली, तेव्हापासून बोंडं धरली की त्यांच्या जिवाला घोर लागतो. व्हिडिओ 240पी या अगदी कमी दर्जावरच अडला होता. माझ्या जुन्या लॅपटॉपवर बोंड म्हणजे नुसता हिरवा गोळा. "काहीच दिसून नाही राहिलं," काकाजी म्हणाले.

अमरावतीला इंजिनीअरिंग शिकणारा चुलतभाऊ सुटीवर आला होता. त्याने आपला गेमिंग लॅपटॉप बाजेवर शेजारी ठेवला आणि तोच व्हिडिओ लावला, तोही 240पी वरच. यात बोंड एकदम लख्ख दिसलं. सालीवर एक काळा, गोल, रेखीव ठिपका. "हे पाहा, अळी बाहेर निघाल्याचं छिद्र!" काकाजी उठूनच बसले.

रात्री उशिरा नेट सुधारल्यावर आम्ही तोच व्हिडिओ 1080पी वर पाहिला. छिद्र नव्हतंच. बोंडाच्या सालीत गॉसिपॉल या द्रव्याच्या ग्रंथी असतात, त्या काळपट ठिपक्यांसारख्या दिसतात. त्यातलाच तो एक ठिपका होता.

झालं काय, ते हिशेबानेच कळेल. 240पी च्या चित्रात साधारण 426 गुणिले 240, म्हणजे 1,02,240 पिक्सेल, म्हणजे रंगाचे बारीक चौकोन, असतात. पूर्ण एचडी पडद्यावर 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600. व्हिडिओ पडदाभर केला की प्रत्येक खऱ्या पिक्सेलमागे जवळपास 19 पिक्सेल संगणकाला स्वतः भरावे लागतात. या भरणीलाच अपस्केलिंग म्हणतात, आणि ती प्रत्येक लॅपटॉपवर, प्रत्येक मोबाइलवर सतत चालू असते. फरक असतो तो भरण्याच्या रीतीत.

सर्वात साधी रीत म्हणजे शेजारचाच पिक्सेल पुन्हा छापणे. त्याने कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. दुसरी रीत सरासरीची. समजा, एका पिक्सेलची उजळता 40 आहे आणि शेजारच्याची 200. मध्ये तीन जागा भरायच्या असतील तर संगणक 80, 120, 160 असे आकडे टाकतो. पायऱ्या जातात, पण जिथे काळ्यापांढऱ्याची ठळक सीमा होती तिथे राखाडी उतार येतो. माझ्या लॅपटॉपवरचा हिरवा गोळा तो हाच. पण या रीतीत एक प्रामाणिकपणा आहे. माहिती नाही तिथे ती धूसर राहते, आणि पाहणाऱ्यालाही आपल्याला नीट दिसत नाही हे कळतं.

तिसरी रीत शिकवलेल्या न्यूरल नेटवर्कची, म्हणजे उदाहरणं पाहून शिकणाऱ्या संगणकप्रणालीची. त्याला लाखो चित्रांच्या लहान आणि मोठ्या जोड्या दाखवलेल्या असतात. धूसर कडेमागे बहुतेक वेळा काय असतं याचा त्याला सराव झालेला असतो, म्हणून उताराच्या जागी ते ठळक कड काढतं. एनव्हिडिया या कंपनीने फेब्रुवारी 2023 मध्ये आपल्या आरटीएक्स ग्राफिक्स कार्डांसाठी, म्हणजे संगणकात पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या भागासाठी, ही सोय क्रोम आणि एज ब्राउझरमध्ये आणली. जुन्या नाटकाचं चित्रीकरण किंवा क्रिकेटचा सामना पाहताना तिने खरोखर सुख होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण अंदाज तो अंदाजच. 2020 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांच्या एका प्रणालीला बराक ओबामांचा धूसर फोटो दिला, तर तिने एका गोऱ्या माणसाचा सुस्पष्ट चेहरा काढून दिला. ब्राउझरमधली साधनं इतकी मोकाट नसतात, ती मुख्यतः कडा धारदार करतात. तरी चुलतभावाच्या लॅपटॉपवर हीच सोय चालू होती, आणि आमच्या ठिपक्याला तेवढंही पुरलं.

म्हणून मला वाटतं, भरणीची रीत निवडायचं बटण पाहणाऱ्याच्या हाताशी हवं. व्हिडिओचा दर्जा बदलायला जिथे दातेरी चाक असतं, तिथेच "जसं आहे तसं", "मऊ" आणि "धारदार" असे तीन पर्याय असावेत. आज काय आहे? आरटीएक्सची ही सोय चालू-बंद करायला ब्राउझर सोडून ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये शिरावं लागतं. तिथे कमीजास्त पातळ्या असतात, आणि त्या एका व्हिडिओपुरत्या नसून सगळ्यांनाच लागू होतात. चुलतभावाला स्वतःलाच आठवत नव्हतं की ती कधीकाळी आपण चालू करून ठेवली आहे.

याला तांत्रिक कारणही आहे. ब्राउझर बहुधा लहान चित्र ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरकडे, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, सोपवतो आणि एवढंच सांगतो की ते अमुक आकारात बसव. कसं बसवायचं हे ड्रायव्हर ठरवतो. पण अडचण सुटण्यासारखी आहे. मायक्रोसॉफ्टने एजमध्ये स्वतःची अशीच सोय 2023 मध्ये आणली, तेव्हा पत्त्याच्या पट्टीत एक खूण ठेवली होती. चित्र सुधारलं जात आहे हे तिच्यावरून कळे आणि तिथूनच ते बंदही करता येई. लॅपटॉप चार्जिंगला लावलेला नसेल तर ही सोय आपोआप थांबे, कारण हे काम वीज खातं. दिवसातून चारदा लाइन जाणाऱ्या गावाला हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी वावरातून वीस बोंडं तोडून घेऊन आले. ओट्यावर बसून एकेक फोडत गेले. बारीक अळी आत शिरली की शिरल्याची जागा बुजून जाते, बाहेरून पत्ता लागत नाही. अकराव्या बोंडात सरकीला चिकटलेली गुलाबी अळी निघाली. त्या बोंडाच्या सालीवर एकही छिद्र नव्हतं.