गरोदरपणातील संसर्ग तपासणी (खानदेश)

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत गरोदर स्त्रियांच्या रक्ताची एचआयव्ही, उपदंश (बोलीत गरमी) आणि कावीळ ब यांसाठी होणारी तपासणी, आणि ती आरोग्य उपकेंद्राच्या पथकाने (सिस्टर व आशाताई) वरून आलेला हुकूम म्हणून न राबवता आपले काम म्हणून चालवण्याची पद्धत. तिन्ही आजार आईकडून बाळाला होतात आणि वेळेत कळले तर बहुतांशी टळतात. उपचार नसल्यास बाळाला एचआयव्ही होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. औषधे नीट चालू राहिली तर ती ५ टक्क्यांखाली येते. उपदंशासाठी पेनिसिलिनचे इंजेक्शन बाळंतपणाच्या निदान ३० दिवस आधी द्यावे लागते. कावीळ ब ची लस बाळाला जन्मानंतर २४ तासांत टोचतात.

आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २००२ च्या सुमारास सुरू झाला, तेव्हा चाचणी मोठ्या रुग्णालयांपुरतीच होती. सातपुड्यातल्या धडगावच्या पाड्यावरून रक्त द्यायला खाली उतरायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची. बाया येत नसत, यात नवल नाही. पुढे बोटाला सुई टोचून करायची चाचणी उपकेंद्राच्या सिस्टरच्या हाती आली आणि चित्र पालटले. ही चाचणी फक्त प्राथमिक असते. पक्के निदान समुपदेशन व चाचणी केंद्रातच होते. २०१४ पासून एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर स्त्रीला आजन्म औषधे सुरू करतात.

तरीही मालकीचा प्रश्न उरतोच. चाचणीचे किट एड्स नियंत्रणाच्या खात्याकडून येते, बाळंतपण आरोग्य खात्याच्या वहीत नोंदले जाते. दोघांच्या मधे जी बाई सुटते ती कोणाची? जिथे पथक चांगले आहे, तिथे उत्तर सोपे असते: ज्या आशाताईच्या यादीत तिचे नाव, तिची. किट संपत आल्याचे तालुक्याला आधीच कळवणे, चाचणी राहिलेल्या बाईच्या घरी पुन्हा जाणे, समजावणे मराठीऐवजी अहिराणीत, पावरीत किंवा भिलीत करणे ही कामे कोणत्याही परिपत्रकापेक्षा या माणसांच्या जिवावर होतात.

खानदेशात खरी कसोटी स्थलांतराची. दिवाळीनंतर अक्कलकुवा, धडगावकडची कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि बाईच्या गरोदरपणाचे मधले महिने फडावर निघून जातात. सपाटीवर वेगळीच अडचण असते. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून चोपड्यात नोंदलेली सून शिरपूरला बाळंत होते आणि रिपोर्ट सासरच्या फायलीतच राहतो. जाण्याआधी तपासणी उरकणे आणि माता-बाल कार्ड बाईच्या हाती देणे, एवढेच पथकाला करता येते. नर्मदाकाठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना आहे, पण बोटीची वेळ आणि बाईची वेळ जुळायला हवी.

पथक गावातलेच असणे हे बळ आहे आणि धोकाही. पंधरा घरांच्या पाड्यावर गुपित टिकत नाही. एचआयव्हीबाबत संमती व गोपनीयता बंधनकारक करणारा कायदा २०१७ चा आहे, मात्र सिस्टर कोणाच्या दारात किती वेळ बसली हे शेजारीण मोजतेच. त्यामुळे अनुभवी सिस्टर निकालासाठी वेगळी खेप करत नाही. गोळ्या, वजन, लसीकरण यांच्या निमित्ताने बोलते.

नवऱ्याची तपासणी अजून मागेच आहे. उपदंशात एकट्या बाईला इंजेक्शन देऊन भागत नाही, तिला नवऱ्याकडून पुन्हा लागण होऊ शकते. तो फडावर असेल तर सिस्टर होळीची वाट पाहते, कारण होळीला सातपुड्यातला माणूस घरी येतोच.