अवकाशयुद्धात लपून बसायची सोयच नाही

नुकतीच एक टाय-इन कादंबरी वाचून संपवली. टाय-इन म्हणजे आधी एखादी गाजलेली मालिका किंवा गेम असतो आणि मग त्याच जगात, त्याच पात्रांना घेऊन भलत्याच कुणा लेखकाने करारावर कादंबरी लिहिलेली असते. या बिचाऱ्या लेखकाचे हात बांधलेले असतात, मुख्य पात्रं मारायची नाहीत, राजधानीचा ग्रह उडवायचा नाही, कारण ते सगळं पडद्यासाठी राखून ठेवलंय. त्यामुळे दोन ताऱ्यांमधलं युद्ध अख्खी कादंबरीभर नुसतं "आज होतंय, उद्या होतंय" करत बसतं. त्याचं मला काही नाही, उलट तसलं वातावरण मला आवडतं.

खटकलं ते वेगळंच. शत्रूचं आरमार दुसऱ्या ताऱ्याकडून येतं, आपल्या ग्रहमालेच्या वेशीवर थांबतं, इंजिनं बंद करतं आणि अवकाशाच्या गोठवणाऱ्या काळोखात आठवडाभर कुणालाही न दिसता दबा धरून बसतं. आतले सैनिक कुडकुडताहेत, तोंडातून वाफ निघतेय वगैरे. छान लिहिलंय, पण फिजिक्सच्या हिशेबाने हे नेमकं उलटं आहे. खरी जहाजं गोठणार नाहीत, उकडून निघतील, आणि लपणार तर अजिबातच नाहीत.

"अवकाश प्रचंड थंड असतं" हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्यावर कुणी विचारच करत नाही. आकडा खरा आहे, विश्वाच्या पार्श्वभूमीवर जे प्रारण पसरलंय (१९६४ साली पेन्झियस आणि विल्सन यांना सापडलेलं) त्याचं तापमान साधारण २.७ केल्विन आहे, म्हणजे उणे २७० अंश सेल्सिअस. पण थंड असणं वेगळं आणि थंड करणं वेगळं. शाळेत शिकल्याप्रमाणे उष्णता तीन रस्त्यांनी जाते, वहन, अभिसरण आणि प्रारण. पहिल्या दोघांना काहीतरी पदार्थ लागतो, हवा, पाणी, धातू, काहीही. अवकाशात तोच नाही. थर्मासच्या दोन भिंतींमधली हवा काढून टाकतात ती याचसाठी, आणि अवकाशयान हे त्या दृष्टीने सगळ्या बाजूंनी थर्मासमध्ये बसलेलं असतं. पाणबुडीला सगळी उष्णता समुद्रात सोडून देता येते, यानाला समुद्र नाही.

चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ यानात तर लोक गारठले होते, असं कुणी म्हणेल. बरोबर, एप्रिल १९७० मध्ये स्फोटानंतर वीज वाचवायला जवळपास सगळं बंद करावं लागलं आणि केबिन गार पडत गेली. पण त्याला दिवस लागले, मिनिटं नाहीत, आणि तेसुद्धा यानातली यंत्रं बंद असताना. युद्धनौकेवर हजार माणसं, रडार, कम्प्युटर, हवा शुद्ध करणारी यंत्रणा आणि वर अणुभट्टी. नुसती माणसंच धरली तरी प्रत्येकी साधारण १०० वॅट, म्हणजे हजार जणांचे १०० किलोवॅट, तेही कुणी काही न करता. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर असलीच सगळी उष्णता अमोनियाच्या नळ्यांमधून बाहेर नेतात आणि पांढऱ्या घडीदार पॅनलांमधून अवकाशात सोडतात. फोटोत लोकांना ती पॅनल सोलरचीच वाटतात, पण ती मुद्दाम सूर्याकडे कड करून ठेवलेली असतात, ऊन खायला नाही तर टाळायला. त्या सगळ्या रेडिएटरांची क्षमता साधारण ७० किलोवॅट. आपल्या काल्पनिक जहाजावरची नुसती माणसंसुद्धा त्यांना झेपायची नाहीत.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो. उरला फक्त प्रारणाचा रस्ता, आणि त्याचा नियम आहे स्टीफन-बोल्ट्झमन. कुठलीही वस्तू प्रत्येक चौरस मीटरमागे किती ऊर्जा बाहेर फेकते ते तिच्या तापमानाच्या चौथ्या घातावर ठरतं. तापमान दुप्पट केलं की ऊर्जा दुप्पट नाही, चौपट नाही, सोळापट. ३०० केल्विनला (हे साधारण खोलीचं तापमान) काळ्या पृष्ठभागाचा एक चौरस मीटर सुमारे ४६० वॅट फेकतो, ६०० केल्विनला ७३५० च्या आसपास. म्हणजे इंजिनिअरला मोह काय होणार, तर रेडिएटर जमेल तितका तापवा, मग तो छोटा चालतो. पण तापवला की तो चमकतो. ३०० केल्विनची वस्तू सगळ्यात जास्त झळकते ती १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास, अवरक्त प्रकाशात, डोळ्याला दिसत नाही. १५०० केल्विनची वस्तू मात्र उघड्या डोळ्यांना नारिंगी दिसते. तर मग रेडिएटर थंड ठेवू आणि अवाढव्य मोठा करू? करा की, पण बाहेर पडणारे एकूण वॅट तेवढेच राहतात. किती वॅट जाणार हे तुमच्या हातात नाही, ते आत काय काय चालू आहे त्यावर ठरतं, तुम्हाला फक्त रंग निवडता येतो. मला हा सगळा प्रकार भयंकर सुंदर वाटतो, कारण यात तंत्रज्ञान किती पुढारलेलं आहे याने काहीच फरक पडत नाही. भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसनने १९६० साली 'सायन्स' या नियतकालिकात हाच मुद्दा मांडला होता, प्रगत परग्रहवासी शोधायचे तर त्यांच्या रेडिओ संदेशांची वाट बघत बसू नका, त्यांनी टाकून दिलेली उष्णता अवरक्तात शोधा.

आणि आपल्याला ती शोधता येते. वाइज नावाच्या अवरक्त दुर्बिणीच्या निरीक्षणांमधून २०१४ साली साधारण ७ प्रकाशवर्षांवरची एक वस्तू जाहीर झाली, वाइज ०८५५. तिचं तापमान पाण्याच्या गोठणबिंदूच्या आसपास. सात प्रकाशवर्षं दूर आणि बर्फाइतकं गार, तरी तिच्या ऊबेवरून सापडली! अर्थात ती गुरूच्या आकाराची आहे आणि जहाज एवढंसं, त्यामुळे सरळ तुलना करायची नाही.

मग लपायच्या युक्त्या काय उरतात? एक म्हणजे उष्णता आतच साठवायची. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात, म्हणजे एक मेगावॅटवर चालणाऱ्या जहाजाला दिवसाला अडीचशे टनांहून जास्त बर्फ वितळवावं लागेल. कादंबरीतला आठवडा धरला तर १८०० टन, आणि मेगावॅट हा युद्धनौकेसाठी अगदीच गरीब आकडा आहे. दुसरी युक्ती जास्त हुशार, शत्रूच्या बाजूला एक थंडगार ढाल धरायची आणि सगळी उष्णता मागच्या मागे सोडायची. हे खरंच होतं, जेम्स वेब दुर्बीण तेच करते, तिच्या पाचपदरी पडद्याची सूर्याकडची बाजू ८५ अंशांना आणि दुसरी बाजू उणे २३३ ला. पण बॅकग्राउंडमध्ये मिसळून जायला ढाल ३ केल्विनपर्यंत उतरवावी लागते, आणि तिच्यात झिरपणारी प्रत्येक वॅट उष्णता ३ केल्विनवरून ३०० केल्विनला उपसायला कार्नोच्या (उष्णता उपसणाऱ्या यंत्रांची सैद्धांतिक मर्यादा सांगणाऱ्या) हिशेबाने कमीत कमी ९९ वॅट खर्च होतात, तेही आदर्श यंत्र असेल तर. ते ९९ वॅटसुद्धा शेवटी उष्णताच, तेव्हा मागच्या बाजूला शंभर वॅट सोडायचे. एन्ट्रॉपी (म्हणजे ऊर्जेच्या विस्कटण्याचं माप, जे एकूणात कधी कमी होत नाही) अशी वसुली करते. शिवाय समोरच्याने ग्रहमालेत सगळीकडे टेहळणीची यानं पेरून ठेवली असतील तर मागची बाजू कुणाला तरी दिसणारच.

पण हे सगळं सोडून द्या, खरी भानगड त्याआधीच होऊन गेलेली असते. ब्रेक.

व्हॉयेजर १ हे यान सेकंदाला साधारण १७ किमी वेगाने चाललंय, त्या वेगाने सगळ्यात जवळच्या ताऱ्याइतकं अंतर (४.२४ प्रकाशवर्षं) कापायला सुमारे ७५ हजार वर्षं लागतात. तेवढा वेळ कुठल्याच सेनापतीकडे नसतो, म्हणून समजू की आरमार प्रकाशाच्या एक दशांश वेगाने येतंय आणि एकेक जहाज दहा हजार टनांचं आहे. अशा एका जहाजाची गतिज ऊर्जा ४.५ गुणिले १० चा २१ वा घात ज्यूल. सगळं जग वर्षाला जेवढी ऊर्जा वापरतं त्याच्या सातपट तरी. थांबायचं असेल तर या हिशेबातली ऊर्जा इंजिनाला उलट जोर लावण्यात ओतावी लागते. वर्षभर हळूहळू ब्रेक मारला (आतल्या माणसांना पृथ्वीवरच्या वजनाचा दहावा भाग जाणवेल, आरामात) तरी ढोबळमानाने १४० टेरावॅट (एक टेरावॅट म्हणजे लाख कोटी वॅट), एका जहाजाचे. त्यातला फक्त एक टक्का जहाजाच्या अंगात मुरला तरी तो बाहेर टाकायला ३०० केल्विनचा दोन्ही बाजूंनी फेकणारा रेडिएटर दीड हजार चौरस किमीचा हवा. १५०० केल्विनला तापवला तर अडीच चौरस किमीत भागतं, पाचपट तापमानाचा चौथा घात ६२५, म्हणून. आणि मग तो अडीच चौरस किमीचा नारिंगी पडदा घेऊन तुम्ही लपायला निघालाय.

सगळ्यात मोठी पंचाईत म्हणजे ब्रेक मारताना इंजिनाचं तोंड पुढे असतं, म्हणजे जिथे पोचायचंय त्याच दिशेला. सगळ्यात झगझगीत भाग शत्रूच्या बरोबर तोंडावर!

या ब्रेकिंगची सुरुवात ०.०५ प्रकाशवर्षावर होते, प्लूटोच्या अंतराच्या सुमारे ऐंशीपट लांब. तिथून प्रकाश यायला १८ दिवस. चिलीतली व्हेरा रुबिन वेधशाळा ८.४ मीटरच्या आरशाने दर तीन-चार रात्रींत दक्षिणेकडचं सगळं दिसणारं आकाश टिपते, आणि त्या १४० टेरावॅटचा दहावा हिस्सा जरी दिसणाऱ्या प्रकाशात आला तरी तो ठिपका तिच्या एका फोटोच्या मर्यादेत बसतो. म्हणजे हल्ला व्हायच्या अकरा महिने आधी सगळ्यांना सगळं दिसतंय, जहाजं मोजता येतायत, रोज थोडी थोडी उजळतायत, आणि कुणालाच फारसं काही करता येत नाहीये. मला विचाराल तर घोंघावत येणाऱ्या युद्धाची कादंबरी याहून चांगली कुठे मिळणार? लेखकाने उगाच त्यांना अंधारात दडवून मजा घालवली.

जाता जाता ३आय/अ‍ॅटलसबद्दल, म्हणजे आपल्या ग्रहमालेबाहेरून आलेल्या त्या पाहुण्याबद्दल. जुलै २०२५ मध्ये तो सापडल्यापासून "परग्रहवासीयांचं यान" म्हणून व्हिडिओंचा जो पूर आला, त्यांनी निदान हा वेगाचा हिशेब तरी करायचा होता. सेकंदाला ६० किमीच्या आसपास म्हणजे प्रकाशाच्या पाच हजाराव्या भागाइतका वेग, ब्रेकचा पत्ता नाही, आणि ऊन लागल्यावर धूमकेतू जसा धूळ-वायू सोडतो तसंच सगळं वागणं. तो धूमकेतूच आहे. आणि धूमकेतू दिसला की युद्ध होतं म्हणणारे जुने पंचांगवाले आणि हे नवे थंबनेलवाले, यांच्यात मला तरी फरक दिसत नाही.

एक पळवाट मात्र खरी आहे, ती म्हणजे थांबायचंच नाही. जिंकून राज्य करायचं नसेल, नुसतं उद्ध्वस्त करायचं असेल तर ब्रेक कशाला? या वेगाचा एक किलोचा गोळा आदळला तर १०० किलोटनहून जास्त ऊर्जा, हिरोशिमाच्या सातपट. इंजिन नाही, माणसं नाहीत, म्हणजे उष्णताही नाही. अगदी नाहीच असं नाही म्हणा, ताऱ्यांमधली पोकळी पूर्ण रिकामी नसते, घन सेंटीमीटरमागे एखादा हायड्रोजनचा अणू धरला तर या वेगाला गोळ्याच्या पुढच्या तोंडावर चौरस मीटरमागे वीसेक वॅटचा मारा बसतो आणि ते तोंड १४० केल्विनपर्यंत तापतं, विरळ भागात त्याहून बरंच कमी. म्हणजे ३ केल्विनच्या आकाशात तोही थोडासा ऊबदार दिसतो, पण एवढीशी वस्तू इतक्या मंद उबेवर लांबून सापडणं कठीण. नेपच्यूनच्या अंतरावरून इथे यायला तिला ४२ तास लागतात, तिथून निघालेल्या प्रकाशाला ४, म्हणजे तिथे दिसली तर हातात ३८ तास, आणि बहुतेक ती तिथे दिसणारच नाही.