गावच्या कारभारात स्त्रिया : चांदवडपासूनची वाट

महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. ही तरतूद दिल्लीहून आली, असा समज रूढ असला तरी तो अर्धाच खरा आहे.

१९५७ साली बलवंतराय मेहता समितीने पंचायत समितीवर दोन स्त्रिया सहयोजित कराव्यात असे सुचवले होते. मात्र निवडून न येता, पुढाऱ्यांच्या पसंतीने आत आलेल्या सदस्याला गावाकडे मत मागायला जावे लागत नाही आणि म्हणून गावाच्या वतीने ठामपणे बोलताही येत नाही. त्या काळात बारामती तालुक्यातील निंबूतसारख्या गावाने संपूर्ण पंचायत स्त्रियांच्या हाती दिली, पण अशी गावे विरळच होती.

खरे वळण आले ते नोव्हेंबर १९८६ मध्ये, नाशिक जिल्ह्यातील चांदवडला. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीच्या या अधिवेशनाला शेतकरी घरांतील स्त्रिया प्रचंड संख्येने आल्या आणि जिल्हा परिषदेच्या सर्व जागा स्त्रियांनीच लढवाव्यात, असा निर्धार तेथे झाला. तेव्हा आरक्षणाचा कायदा नव्हता, हे आवर्जून ध्यानात घ्यायला हवे. पुढे जिल्हा परिषदांच्या निवडणुका लांबणीवर पडल्या. तरीही १९८९ च्या ग्रामपंचायत निवडणुकांत काही गावांनी केवळ स्त्रियांचे पॅनेल उभे केले, आणि जळगाव जिल्ह्यातील विटनेर येथे ते निवडून आले. याच गावात पुरुषांनी पत्नीच्या नावे जमीन करून देण्याची 'लक्ष्मीमुक्ती'ही झाली. सातबाऱ्यावर नाव आणि पंचायतीत जागा या दोन गोष्टींचे नाते तिथे जसे उघड दिसले, तसे कोणत्याही अहवालाने दाखवले नसते, असे मला वाटते.

१९९० साली राज्याने स्थानिक संस्थांत तीस टक्के जागा राखून ठेवल्या. २४ एप्रिल १९९३ पासून लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने देशभर किमान एक तृतीयांश जागा तर राखल्याच, शिवाय सरपंचासारखी अध्यक्षपदेही आरक्षणाखाली आणली. माझ्या मते तिचे मोठेपण या दुसऱ्या भागात आहे, कारण सभा बोलावण्याचा आणि खर्चावर सही करण्याचा अधिकार त्या पदाकडे असतो. तो अधिकार वापरणाऱ्या अनेक स्त्री सरपंचांवर अविश्वास ठराव आणले गेले, तेव्हा असा ठराव मंजूर होण्यासाठी राज्याच्या कायद्याने तीन चतुर्थांश बहुमताची अट घातली. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूदही झाली. पत्नीच्या नावाने पती कारभार हाकतो ही तक्रार पुष्कळ ठिकाणी खरी होती आणि आहे, परंतु तिचा आधार घेऊन आरक्षणच निरर्थक ठरवणे अन्यायाचे आहे. २०११ साली राज्याने हे प्रमाण पन्नास टक्के केले.

विधानसभेत मात्र असे आरक्षण अद्याप लागू झालेले नाही. संसदेने २०२३ साली १०६ वी घटनादुरुस्ती मंजूर केली, पण तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी जोडली गेली. २०२४ च्या निवडणुकीत २८८ जणांच्या विधानसभेत २१ स्त्रिया निवडून आल्या.